गावठाणातील जुन्या वाड्याचे मालक आणि वापर क्रमाने कसे शोधावेत?

प्रश्न

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी गावठाणात एक चौसोपी वाडा आहे. तो मूळचा कुळकर्ण्यांचा, पुढे एका सावकाराकडे गहाण पडून त्याच्याच नावावर झाला, मधल्या काळात तेथे बोर्डाची शाळा भरे, नंतर विकास सोसायटीचे खताचे गोदाम होते आणि शेवटी आमच्या आजोबांनी तो घेतला, असे वडीलधारी मंडळी सांगतात. डागडुजीपूर्वी हा क्रम पडताळून पाहावा, अशी इच्छा आहे. तलाठी कार्यालयात सातबारा मिळाला नाही. सुरुवात कोठून करावी?

पहिले उत्तर

गावठाणातील घरांना सातबारा नसतो. तेथे नगर भूमापन झालेले असल्यास तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे जागेच्या धारकाची नोंद असलेला उतारा, मिळते. मात्र तिच्याहून भूमापनाच्या वेळची चौकशी नोंदवही अधिक बोलकी असते, कारण ताबेदाराने आपला हक्क कशाच्या आधारे सांगितला, हे तिच्यात नोंदलेले असते. स्वामित्व योजनेच्या ड्रोन मोजणीतून निघालेली पत्रिका 2020 नंतरची असल्याने तिच्यावरून मागचा इतिहास फारसा कळणार नाही.

सावकाराच्या व्यवहारासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घ्यावा. तेथे नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक 2 मिळकतीनुसार असते. जुन्या घराला क्रमांकच नसेल, तर नावांनुसार लावलेली सूची क्रमांक 1 पाहावी. केवळ गहाणखत नव्हे, तर मुदत खरेदीचा (ठरल्या मुदतीत पैसे फेडल्यास मिळकत परत करण्याच्या अटीवरील विक्रीचा) दस्तही शोधावा, कारण कर्जाच्या तारणासाठी तोही मार्ग वापरला जात असे. दस्त सापडला नाही म्हणून विक्री झालीच नाही, असेही समजू नये. 100 रुपयांपेक्षा कमी किमतीची मिळकत नोंदणीकृत दस्ताशिवाय, नुसता ताबा देऊनही विकता येत असे. (ही तरतूद आजही आहे, त्या किमतीत घर मिळत नाही एवढेच.)

दुसरे उत्तर

वरील कागदांतून मालक कळतील, वापर कळेलच असे नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे कर आकारणी नोंदवही, जितक्या जुन्या वर्षापर्यंत मिळेल तितकी पाहावी. तिच्यात मालकाबरोबर भोगवटादाराचे, म्हणजे प्रत्यक्ष वापर करणाऱ्याचेही, नाव असते, त्यामुळे शाळा किंवा सोसायटी तेथेच सापडण्याचा संभव आहे. ही नोंद कर वसुलीसाठीची असून मालकीचा पुरावा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. जिल्हा परिषदा 1962 मध्ये आल्या, त्यापूर्वी गावच्या प्राथमिक शाळा स्कूल बोर्डाकडे असत. तुमच्याकडे ‘बोर्डाची शाळा’ म्हणत असतील, तर तो काळ बहुधा त्याआधीचा असावा. भाड्याच्या नोंदी शाळेच्या दप्तरात आणि सोसायटीच्या जुन्या हिशेबांत शोधाव्यात.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. मागच्या सोप्यातील भिंतीचा गिलावा कमरेइतक्या उंचीपर्यंत सुटला आहे. गवंडी तेथे सिमेंट लावण्यास सांगतो.

तिसरे उत्तर

सिमेंट लावू नये. खताची पोती बहुधा त्याच सोप्यात रचलेली असावीत. खतातील क्षार ओलीबरोबर भिंतीत मुरतात आणि वाळताना फुलून गिलाव्याचे पोपडे काढतात. सिमेंटच्या थराखाली ओल कोंडून क्षार विटांनाच खाऊ लागतात. पांढरी बुरशीसारखी पूड कोरड्या ब्रशने झाडावी, ओल कोठून येते ते आधी थांबवावे आणि मग चुन्याचा गिलावा करावा. तत्पूर्वी प्रत्येक सोप्याची छायाचित्रे काढावीत. चुन्याच्या थरांखाली फळ्यासाठी रंगवलेला काळा पट्टा निघाला, तर शाळा नेमकी कोणत्या सोप्यात भरत होती हे कळेल, आणि ते कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते.