‘ट्रेन’ आणि ‘ट्रेनिंग’ : शब्द एक की दोन?

सप्रेम नमस्कार, मंडळी.

आपल्या मराठी शाळेतल्या मोठ्या गटाला मुंबई-ठाणे रेल्वेविषयी सांगत असताना एका मुलीने विचारले की, आगगाडीही ट्रेन आणि शिकवणे हेही ट्रेन, तर हे दोन शब्द योगायोगाने सारखे झाले की मुळात एकच आहेत? इथे जर्मनीत गाडीला ‘त्सुग’ म्हणतात आणि तो शब्द ओढणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे, एवढेच मी तिला सांगू शकले. ठाण्याच्या काकांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

— शाळेची शिक्षिका

*

चि. ताईंस अनेक आशीर्वाद.

शब्द एकच आहे, आणि जर्मनचा तुम्ही दिलेला दाखला अगदी नेमका आहे. लॅटिनमध्ये ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणे. ट्रॅक्टर, कॉन्ट्रॅक्ट आणि अट्रॅक्शन हे शब्दही याच धातूचे. तो धातू जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, तेव्हा रेल्वेचा कोणाला पत्ताही नव्हता. राण्यांच्या झग्याचा जो लांब घोळ मागे जमिनीवरून फरफटत येई, त्याला ट्रेन म्हणत. मग सरदारामागून चालणारा लवाजमाही ट्रेन झाला. थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५१ मध्ये एकामागून एक येणाऱ्या विचारांच्या मालिकेसाठीही हाच शब्द योजला. वाफेचे इंजिन आले, त्याच्यामागे डब्यांची रांग लागली, तेव्हा लोक तिला ‘ट्रेन ऑफ कॅरेजेस’ म्हणू लागले आणि पुढे डबे गळून नुसती ट्रेन उरली. म्हणजे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन आमच्या ठाण्याला गाडी आली, तेव्हा हा अर्थ इंग्रजीतही तसा कोवळाच होता.

आता ट्रेनिंगकडे वळतो, कारण मला स्वतःला हा भाग फार मोलाचा वाटतो. बागेतली वेल किंवा झाडाची फांदी ओढून, बांधून हव्या त्या दिशेला वाढवणे, यालाही ट्रेन करणे म्हणत, आणि बहुधा त्यावरूनच सोळाव्या शतकात माणसाला शिकवून तयार करणे हा अर्थ आला. मुलांना हे समजावताना इंग्रजीचा आधार घेण्याची गरजच नाही, कारण आपणही वेलीला वळण देतो आणि मुलाला वळण लावतो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कारल्याचा मांडव आहे. कोवळा शेंडा सुतळीने सैलसर बांधून रोज थोडा वळवावा लागतो, घाईने ओढला की तो मोडतो. वर्गात दाखवायला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

शब्द आखूड करण्याची खोड आपल्यालाही आहेच. इंग्रजांनी डबे गाळले, तर आपण ‘लोकल ट्रेन’मधली ट्रेनच गाळली, आणि आज ठाण्यात कोणीही ‘आठ-दहाची लोकल’ एवढेच म्हणतो.

— ठाण्याचे काका

*

काकांना सादर नमस्कार.

माझी सारी नोकरी रेल्वेत गेली आणि आता मी वाशीला असतो, म्हणून थोडी भर घालतो. एकमेकांना जोडलेल्या डब्यांच्या संचाला आम्ही ‘रेक’ म्हणतो. तोच रेक सकाळी ठाणे-वाशी म्हणून धावतो आणि दुपारी ठाणे-पनवेल, म्हणजे रेक एक असला तरी गाड्या दोन होतात. लोकलला ओढणारे वेगळे इंजिन नसते, तर मोटार असलेले डबे अधूनमधून जोडलेले असतात आणि बिनमोटारीच्या डब्यांना ट्रेलर म्हणतात. रेल्वेच्या सामान्य नियमांनुसार मागे एकही डबा नसलेले एकटे इंजिनसुद्धा ‘ट्रेन’च ठरते, आणि त्यालाही सिग्नल व लाइन क्लिअर (पुढचा मार्ग मोकळा असल्याची परवानगी) घेऊनच पुढे जावे लागते. मुलांना हे अवश्य सांगावे, कारण ज्या शब्दाचा अर्थच मागून ओढत येणारी रांग असा होता, तो आता रांग नसतानाही चालतो.

— वाशीचे एक सभासद