आजोबांच्या गजावर ‘तूर्त’ असा ठसा आहे. तोच वाजवू, की कार्बनचा घेऊ?

शहापूरकर: आजोबांच्या व्हायोलिनच्या पेटीत गज सापडला. अठपैलू काडी, पिकल्या चिंचेचा रंग, फ्रॉग, म्हणजे मुठीकडचा केस धरणारा ठोकळा, शिसवी काळा, मुठीजवळ रोमन अक्षरांत ‘तूर्त’. सोनाराच्या काट्यावर ६१ ग्रॅम भरला. दुकानदार म्हणतो, ठेवा शोकेसमध्ये, कार्बनचा घ्या. मला वाटतं हाच वाजवावा. मींड घेताना मनगटाला काही करावंच लागत नाही.

निपाणीचा गडी: ठशावर हुरळू नका. पॅरिसचा गज घडवणारा कारागीर फ्रांस्वा तूर्त १८३५ साली वारला, आणि आपल्या गजांवर तो बहुधा ठसा मारतच नसे. पुढे जर्मनीतल्या कारखान्यांनी त्याचं नाव स्वस्त मालावर ढिगानं उठवलं. म्हणजे तुमचा ठसाच सांगतोय की गज त्याचा नाही! शिवाय त्याच्या घडणीचं कौतुक कशाचं, तर तारेवरून उसळणाऱ्या आघातांचं. आपण मांडी घालून विलंबित ओढणार. उसळायचंय कुणाला?

खानापूरची सारिका: काय बोलूलालाय राव! काडीची खरी परीक्षा विलंबितातच. एका ओढीत अख्खी तान नव्हे, एकच षड्ज धरून बघा की. टोकाशी गज पोचला की हलक्या काडीचा सूर पातळ होतो, थरथरतो. चांगला कारागीर काडी टोकाकडे बारीक करत नेतो, सरळ तासतो आणि मग आचेवर वाकवतो. वाकडीच कापली तर लाकडाच्या रेषा तुटतात. ठसा खोटा असला म्हणून काडी खोटी ठरत नाही. तिला हात लावून तर बघा.

निपाणीचा गडी: ताई, आणि आपल्याकडचा पाऊस?

खानापूरची सारिका: केस तर कार्बनच्या गजालाही घोड्याचेच. आषाढात दोन्हींचे ढिले पडतात. उलट उन्हाळ्याला जपा, केस आखडतात. वाजवून झालं की केस ताणणारा स्क्रू सैल करायचा, नाहीतर टोक मोडतं. मंडपातल्या कार्यक्रमाला मीही कार्बनचाच नेते, त्यात लाज कसली?

निपाणीचा गडी: माझ्या जुन्या गजाचे केस बदलायला दिले, तर त्या माणसानं टोकातली केस धरणारी लाकडी पाचर डिंकानं चिकटवून टाकली. पुढच्या वेळी काढताना गजाच्या टोकालाच चीर. आता परनांबुकोची तशी काडी आणू कुठून? ब्राझीलच्या त्या झाडाच्या व्यापारावर २००७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

शहापूरकर: म्हणजे राग गजावर नाही, त्या पाचरीवर आहे! रविवारी तुमचा कार्बनचा घेऊन या. मी पाठ करून बसतो, तुम्ही आलटून पालटून षड्ज ओढा. ठशाचं म्हणाल तर, तूर्त राहू दे.