दारूच्या बाटलीवरचा इशारा मराठीत आणि मोठा हवाच

कृष्णाकाठ, सांगली: काल इथं एकानं लिहिलं, "बाटलीवरचं कुणी वाचत नाही, इशारा नुसता दिखावा." वाचणार कसं? क्वार्टर 180 मिलीची. 200 मिलीपर्यंतच्या बाटलीवर इशाऱ्याचं अक्षर दीड मिलिमीटरचं असलं तरी नियमात बसतं, आणि विदेशीवर तेही इंग्रजीत. राज्यानं ठरवलं तर मराठीत छापायला केंद्राच्या नियमाची आडकाठी नाही. सिगारेटच्या पाकिटाचा 85 टक्के भाग इशाऱ्याला दिलाय. दारूलाच सवलत का?

पलूसचा बागायतदार: सिगारेट आणि वाइन एका मापात मोजू नका. राज्याच्या 2001 च्या द्राक्ष धोरणात पलूसला वाइन पार्क, म्हणजे वाइन कारखान्यांची वसाहत, आलं ते द्राक्षाला दुसरं गिऱ्हाईक मिळावं म्हणून. वाइन 12-13 टक्क्यांची, देशी 42.8 ची, इशारा मात्र दोन्हींना एकच. त्यापेक्षा टक्केवारी ठळक छापा.

कराडची सून: अक्षरं काय मोजताय? माझा दीर पदवीधर, इंग्रजी फाडफाड वाचायचा. चाळिशीच्या आत लिव्हरनं गेला. दुकानं बंद करायचं बोला. आमच्या गावात बायकांचं मतदान झालं, आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायला, मतं जास्त पडली, तरी दुकान चालूच! झालेल्या मतदानाचं बहुमत चालत नाही, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्यांहून जास्त मतं लागतात. लग्न होऊन गेलेल्या पोरी, पोटासाठी मुंबईला गेलेल्या, वारलेल्या म्हाताऱ्या, सगळ्या यादीत. न आलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या पारड्यात. आमदारकीला लावा की हा नियम!

जतवाला: ताई, आमच्याकडं दुकान बंद झालं आणि हातभट्टी सुरू झाली. पिशवीतनं मिळते. तिच्यावर ना टक्केवारी, ना इशारा.

कराडची सून: म्हणून बायकांनी गप बसायचं? हातभट्टी मोडायला पोलीस आहेत. तुमच्या घरात रात्री भांडी फेकली जात नसतील तर मला शिकवू नका.

जतवाला: माझ्या वडलांनी दारूपायी रान विकलं. मला घरातलं सांगू नका. यादीचा नियम चुकीचा आहे, तेवढं मान्य. बाकी माझं म्हणणं तेच.

कृष्णाकाठ, सांगली: धागा लेबलाचा आहे. बागायतदार, टक्केवारी ठळक छापावी, एवढं तुमचं घेतो. पण वाइनला इशाऱ्यातून सूट नको. ती पिऊनही लोक गाडी चालवतातच.

पलूसचा बागायतदार: सूट मागितली कुणी? आधी नीट वाचा, मग लिहा.