हातउसने दिलेले ४ लाख: दाव्याची मुदत संपली का? मदत हवी आहे

वडिलांनी माझ्या आतेभावाला ५ ऑगस्ट २०१९ रोजी एनईएफटीने ४ लाख रुपये हातउसने दिले. कागद केला नाही, परतीची तारीखही ठरली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये वडील वारले. २० एप्रिल २०२४ ला त्या आतेभावाने स्वतःच्या अक्षरात, सही-तारखेसह चिठ्ठी दिली: 'मामांकडून घेतलेले ४ लाख देणे आहे, सध्या अडचण आहे.' आता तो म्हणतो, तीन वर्षं कधीच उलटली, काही देणं लागत नाही. खरंच मुदत गेली का? वकिली नोटीस पाठवली तर मुदत थांबते का?

प्रतिसाद १

मुदत गेलेली नाही. ही चिठ्ठी जपा. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १९ प्रमाणे उसन्या पैशासाठी ३ वर्षं, तीही पैसे दिल्याच्या तारखेपासून. 'मागाल तेव्हा देईन' असं ठरलं असलं तरी अनुच्छेद २१ तेच सांगतो. बरेच जण शेवटच्या मागणीपासून किंवा नकारापासून मोजतात आणि तिथेच दावा घालवतात.

त्या हिशेबाने मुदत ५ ऑगस्ट २०२२ ला संपली असती आणि २०२४ ची चिठ्ठी उशिराची ठरली असती, कारण कलम १८ खालची लेखी कबुली मुदत चालू असतानाच यावी लागते. पण करोनामुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला आहे. हे ७१६ दिवस मिळवले की मुदत २१ जुलै २०२४ पर्यंत येते. चिठ्ठी त्याच्या तीन महिने आधीची. म्हणून २० एप्रिल २०२४ पासून नवी ३ वर्षं. अगदी शेवटच्या आठवड्यावर मात्र ढकलू नका.

चिठ्ठी तुमच्या हाती दिली, वडिलांच्या नाही, याने बिघडत नाही. कबुली धनकोलाच (पैसे देणाऱ्यालाच) उद्देशून असावी लागत नाही. 'देणं आहे पण देणार नाही' असं लिहिलं असतं तरी ती कबुलीच ठरली असती.

प्रतिसाद २

नोटिशीने मुदत थांबत नाही. पोलिसांत अर्ज, भावकीची बैठक, फोनवरचं 'देतो रे', यांनीही नाही. दाव्याला उशीर माफ करून घेण्याचा मुदत कायद्याच्या कलम ५ चा मार्गही नाही. ते कलम अपील आणि अर्जांपुरतं आहे. शिवाय समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम ३ प्रमाणे न्यायालयाला तो स्वतः पाहावा लागतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. धनको वारले आहेत, म्हणून भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम २१४ प्रमाणे उत्तराधिकार प्रमाणपत्राशिवाय (सक्सेशन सर्टिफिकेट) हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा निकाल, मिळणार नाही. त्याचा अर्ज आत्ताच करा. ते हाती येईपर्यंत दावा मात्र थांबवू नका, तो आधी दाखल होऊ शकतो. आई, बहीण, जे वारस असतील त्या सगळ्यांना वादी करा.

प्रतिसाद ३

मूळ चिठ्ठी लॅमिनेट करू नका. वकिलाला दाखवून मुद्रांकशुल्काचा मुद्दा आधीच मिटवून घ्या, नाहीतर पुराव्यात घेताना हरकत येते. बँकेकडून त्या दिवसाचा प्रमाणित खातेउतारा घ्या. नुसत्या उताऱ्यावर तो 'मामांनी प्रेमाने दिले' म्हणू शकला असता. 'देणे आहे' या दोन शब्दांनी ती वाट बंद झाली.

कुणाची मुदत खरोखरच संपली असेल तर एक वाट उरते. करार कायदा, १८७२ च्या कलम २५(३) प्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी, सहीचं वचन घ्यावं. तिथे नुसती कबुली पुरत नाही, 'मी फेडीन' असं स्पष्ट यायला हवं.

प्रश्नकर्ता

खूप आभार. मग नोटीस पाठवूच नये का? व्याज ठरलं नव्हतं.

प्रतिसाद २

जरूर पाठवा, आणि तीत व्याज मागणार असल्याचं तारखेसह लिहा. व्याज अधिनियम, १९७८ च्या कलम ३ प्रमाणे न्यायालय त्या तारखेपासून व्याज देऊ शकतं. नोटिशीत ते राहिलं तर दाव्याआधीच्या काळाचं व्याज मागायला आधार उरत नाही.