नीटला दुसऱ्यांदा कमी गुण, बारावीही साठच्या आत. बहिणीला तिसऱ्यांदा बसवू का? (मदत हवी आहे)

काळी माती

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला, घाटंजीकडचा. शेती करतो. शिक्षण बी.ए. पहिल्या वर्षापर्यंत. हे लिहितोय ते लहान बहिणीसाठी, आमच्या बाईसाठी. डॉक्टरकीच्या प्रवेशातलं कळणारं आमच्या घरात कोणी नाही, गावातही नाही. थोडं लांबेल, पण पुरतं सांगितल्याशिवाय तुम्ही तरी काय सांगणार.

बाईनं २०२४ ला बारावी दिली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५७ टक्के. त्याच वर्षी नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, ७२० पैकी ३०१ आले. मग वर्षभर अकोल्याला क्लास लावला, आणि आता २०२५ च्या निकालात २६२. म्हणजे क्लास लावून ३९ गुण कमी झाले. निकाल पाहिल्यापासून ती दोन दिवस जेवली नाही. माय म्हणते, "काहून पोरीले त्या परीक्षेपायी मारून रायले?"

विषयवार सांगतो, कारण मला वाटतं खरी गोम तिथंच आहे. बायोलॉजी ३६० पैकी १९०, केमिस्ट्री १८० पैकी ५४, आणि फिजिक्स १८० पैकी १८. फिजिक्सचे ३७ प्रश्न सोडवले, त्यातले ११ बरोबर, २६ चूक. बरोबरला चार मिळतात, चुकीला एक जातो, त्यात सगळं वाहून गेलं. ती ज्या ज्युनिअर कॉलेजात होती तिथं दोन वर्षं फिजिक्सला शिकवणारं कोणी नव्हतं. दहावीपर्यंत मराठी शाळा, अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकं. अकोल्याच्या क्लासात शंभरावर मुलं, आणि सर पहिल्या दिवसापासून असं शिकवत होते की अकरावीचं सगळ्यांना येतंच. हिला ते आलंच नव्हतं. हे तिनं मला आत्ता, निकालानंतर सांगितलं.

तिला डॉक्टर का व्हायचंय तेही सांगतो. २०१७ चा आमच्या जिल्ह्यातला फवारणीचा हंगाम आठवत असेल. वीसहून अधिक माणसं गेली त्या विषबाधेनं. आमचे बाबा कपाशीवर फवारून आले आणि रात्री म्हणाले, डोळ्यांपुढं अंधारलंय. तोंडातून फेस, अंगाला दरदरून घाम. दुसऱ्याच्या गाडीत घालून यवतमाळला नेलं. बाई तेव्हा अकरा वर्षांची, घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून सोबत आणली. एक तरुण डॉक्टरीण रात्रभर दर थोड्या वेळानं येऊन बाबांच्या बाहुल्या टॉर्चनं पाहायची, नाडी धरायची आणि अ‍ॅट्रोपिनचा डोस ठरवायची. बाबा वाचले. बाईनं ते सगळं जागून पाहिलं. तेव्हापासून तिच्या तोंडी दुसरं काही नाही.

आता पैशाचं. पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. गेल्या वर्षी क्लास, खोली आणि मेस मिळून सव्वा लाख लागले. त्यासाठी एक बैलजोडी विकली, यंदा डवरणी भाड्याच्या जोडीवर. त्याचं मला दुःख नाही. पण आणखी एक वर्ष करायचं तर पीककर्जातला पैसा तिकडं वळवावा लागेल, आणि पेरणी तोंडावर आहे.

फोन तर रोज येतात. एक म्हणतो वीस लाखांत परदेशातून डॉक्टर करून आणतो, एक म्हणतो मॅनेजमेंटची जागा धरून ठेवतो, आधी टोकन भरा. नातेवाईक म्हणतात, साठच्या आतल्या पोरीला मेडिकल कुठून मिळणार, नर्सिंगला टाका नाहीतर स्थळ पाहा. कोणी सांगतं की विदर्भातल्या मुलांना विदर्भातल्या कॉलेजांत सत्तर टक्के जागा राखीव असतात, तिथं लागेल. आम्ही कुणबी, ओबीसी.

मला विचारायचंय ते असं. बारावीचे ५७ टक्के आडवे येतील का? २६२ वर आज काय मिळू शकतं? आणि जे मला रात्री झोपू देत नाही ते हे, की तिला तिसऱ्यांदा बसवणं म्हणजे तिच्या पाठीशी उभं राहणं आहे, की माझंच स्वप्न तिच्या डोक्यावर देणं?

मेसचा डबा

भाऊ, मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोनदा ड्रॉप घेऊन, म्हणजे परीक्षेसाठी वर्ष थांबून, आलो. आधी एक गैरसमज काढून टाका. तुमची बहीण मागे गेलेली नाही. २०२४ ला पहिल्या नंबरला ७२० पैकी ७२० होते, यंदा ६८६. ओबीसीसाठी पात्रतेचे गुण १२७ होते, ते यंदा ११३ वर आले. यंदाचं फिजिक्स फारच अवघड निघालं आणि सगळ्यांचेच गुण खाली आले. दोन्ही वर्षांची स्कोअरकार्डं शेजारी ठेवा आणि ऑल इंडिया रँक बघा. प्रवेश गुणांवर नाही, रँकवर होतो.

बारावीची चिंता सोडा. ओबीसीला या तीन विषयांत मिळून ४० टक्के लागतात, खुल्या गटाला ५०. तेवढे असले की पुढं सगळं नीटवर. साठच्या आत म्हणजे मेडिकल बंद, हे कोणीतरी उगाच पसरवलंय.

पण खरं तेही सांगतो. २६२ वर सरकारी एमबीबीएस होणार नाही. तिसऱ्यांदा बसायचंच तर त्याच क्लासात परत पाठवू नका. तिला अकरावीचं फिजिक्स पहिल्या धड्यापासून कोणीतरी एकटीला शिकवायला पाहिजे. मी पहिल्या ड्रॉपला तीच चूक केली, पाया नसताना टेस्टवर टेस्ट देत बसलो. दुसऱ्या वर्षी गावातल्या एका निवृत्त सरांकडे रोज दोन तास जमिनीवर बसून न्यूटनचे नियम नव्यानं शिकलो. फिजिक्स ३१ चं १०४ झालं. अंदाजानं गोळे भरणंही बंद करायला सांगा. तिनं त्या २६ मधले निम्मे कोरे सोडले असते तरी तेरा गुण वाचले असते.

आणि पेपर मराठीतही देता येतो, प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हीत छापलेले असतात. भाषांतरात घोटाळा वाटला तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरतात, तेवढं ध्यानात ठेवायचं.

वर्धेकर मास्तर

सत्तर-तीसचा प्रादेशिक कोटा २०२० मध्येच रद्द झाला. आता राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी गडचिरोलीची मुलगी आणि मुंबईची मुलगी एकाच यादीत असतात. उरलेल्या १५ टक्के सरकारी जागा देशपातळीवर भरतात. मात्र विदर्भात जागा वाढल्या आहेत. २०२४ मध्ये अमरावती, वाशीम, बुलढाणा, भंडारा आणि गडचिरोली इथं नवी सरकारी महाविद्यालयं सुरू झाली.

मला काळजी वेगळीच वाटते. तुम्ही कागदपत्रांबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. जात वैधता प्रमाणपत्र (जातीचा दाखला तपासून पडताळणी समिती देते ते) काढलंय का? नुसत्या जातीच्या दाखल्यावर राखीव जागा मिळत नाही. वैधता लागते, शिवाय नॉन-क्रिमिलेअर आणि अधिवास. नोकरीच्या काळात चांगल्या गुणांची मुलं वैधतेपायी जागा गमावताना मी पाहिली आहेत, आणि ते पाहणं फार वाईट असतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा किंवा कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली) नोंद शोधायला आजच लागा. बारावी झाली त्या कॉलेजातून अर्जावर सही-शिक्का घ्यावा लागेल.

दुसरं, फी. ओबीसी मुलगी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, आणि प्रवेश राज्याच्या कॅप फेरीतून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) असेल तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ते लागू नाही. म्हणून टोकन मागणाऱ्या माणसाचा फोन उचलूच नका. त्याच्याकडून जागा घेतली की ही सवलत हातची जाते. आणि वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहिली तर अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावानं निर्वाह भत्ता आहे, तो वेगळा मागा.

पळसफूल

मी बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) करून वाशीम जिल्ह्यात प्रॅक्टिस करते, म्हणून त्या बाजूनं लिहिते. यंदा कॅप फेरीचा फॉर्म भराच, ड्रॉप घ्यायचा असला तरी भरा. गेल्या वर्षीच्या फेरीनिहाय याद्या सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश कक्षाच्या) संकेतस्थळावर आहेत, त्यात ओबीसी मुलींचा शेवटचा रँक कुठं थांबला ते पाहा. बीएएमएस म्हणजे साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. पण हे शिक्षण एमबीबीएस हुकलं म्हणून घेऊ नये. माझ्या वर्गात ज्या मुली तसं मानून आल्या त्या पहिली दोन वर्षं रडतच होत्या. तिला एखाद्या आयुर्वेद दवाखान्यात चार दिवस बसवा, मग तिलाच विचारा. नर्सिंगची राज्याची सीईटी वेगळी असते, ते कामही हलकं नाही. तुमच्या बाबांच्या उशाशी त्या रात्री नर्ससुद्धा जागीच असणार.

परदेशाचं म्हणाल तर एवढंच सांगते. किमान ५४ महिन्यांचा कोर्स, तिकडं बारा महिने इंटर्नशिप, परत आल्यावर ३०० पैकी किमान १५० गुण लागणारी परीक्षा, मग इथं पुन्हा बारा महिने. एजंट यातलं पहिलं वाक्यच सांगतो. फिजिक्स कच्चं आहे म्हणून परदेशी पाठवलेली मुलगी तिथं परक्या भाषेत अ‍ॅनाटॉमी शिकते, याचा विचार करा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कोणी देऊ शकत नाही, दादा. तुम्ही तिला विचारलंय का?

काळी माती

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रश्न वाचून लक्षात आलं की मी तिला विचारलंच नव्हतं. तिच्यासमोर नेहमी "आपण करू" असंच म्हणत आलो. काल संध्याकाळी वावरात घेऊन गेलो आणि म्हटलं, बैलजोडीचा विचार नको करू, माझाही नको. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, मले फिजिक्स येत नाही हे मी वर्षभर कोणाले सांगितलं नाही. आता सांगितलं तर जरा मोकळं वाटते. घरीच राहून एकदा देतो, पण क्लास नको. आणि यंदाचा फॉर्मबी भरतो."

दोन्ही स्कोअरकार्डं काढून पाहिली. रँक दोन लाखांहून जास्त पुढं आलाय. मायला तो आकडा दाखवला, तिला पुरतं कळलं नाही, पण बाई रात्री भाकर जेवली. तालुक्याला एक निवृत्त सर आहेत, रविवारी त्यांच्याकडे जातोय. पीककर्जाला हात लावायची गरज पडणार नाही असं दिसतं.

मास्तर, वैधता काढलेली नव्हती. आज शाळेतून आजोबांचा १९४९ चा निर्गम उतारा मिळाला. पण जातीच्या रकान्यात पूर्ण शब्द नाही, नुसतं "कु." लिहिलंय. एवढ्यावर समिती मानते, की सोबत कोतवाल बुकाची नक्कलही काढून ठेवू? सोमवारी तहसीलला जाणार आहे, त्याआधी कोणी सांगितलं तर बरं होईल.