माशातलं परकं जनुक: भांडण जनुकाशी की स्टार्टरशी?

निपाणीचा मास्तर
परवा कट्ट्यावर जनुकबदल माशांवरून जुंपली. सगळे जनुकावरच तुटून पडले. माझं म्हणणं, जनुक कुणाचं यापेक्षा त्याच्यापुढे प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, कुठला जोडलाय ते आधी विचारा. जनुक ही विहिरीवरची मोटर, प्रमोटर हा तिचा स्टार्टर. कधी, कुठं, किती जोरात चालायचं ते तो ठरवतो.

अमेरिकेनं २०१५ मध्ये परवानगी दिलेला जनुकबदल सामन मासा घ्या. अटलांटिक सामनमध्ये चिनूक सामनचं वाढ-संप्रेरकाचं जनुक, पण प्रमोटर ओशन पाउट या थंड समुद्रातल्या माशाच्या, अंगात बर्फ होऊ न देणाऱ्या प्रथिनाचा. सामनची स्वतःची वाढ थंडीत मंदावते, हा स्टार्टर बारमाही चालू. तीन वर्षांचं वजन दीड वर्षात! जनुक सामनकुळातलंच, करामत स्टार्टरची.

कृष्णाकाठ, अथणी
उपमा झकास वो मास्तर, पण ऑटो बसवलेली मोटर मध्यरात्री लाईट आली तरी सुरू होते, विहीर कोरडी असली तरी. मग जळते. संप्रेरक अति झालं की माशाचं डोकं, जबडा बेढब होतो. कोहो सामनमध्ये ते दिसलंय.

खानापूरची बायोवाली
होय की, पण सगळे स्टार्टर ऑटो नसतात. बीटा-ॲक्टिन या पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाचा प्रमोटर जवळपास सगळ्या पेशींत सदा चालू. उलट सिंगापूरच्या चमकत्या झेब्राफिश या शोभेच्या माशामध्ये स्नायूंपुरता चालणारा प्रमोटर आहे, म्हणून अंगाचं मांस तेवढं चमकतं. मेटॅलोथायोनिन या धातू धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा प्रमोटर जस्त, कॅडमियमसारखे धातू आले की जोर धरतो. १९८५ मध्ये चीनमधल्या झू झुओयान यांच्या गटानं गोल्डफिशमध्ये हाच वापरला, उंदराचा. त्याला जोडलेलं वाढ-संप्रेरकाचं जनुक माणसाचं! असला मासा कोण ताटात घेईल? म्हणून पुढे कार्पचाच प्रमोटर आणि ग्रास कार्पचं जनुक, असा सगळा माशांचाच मामला झाला.

मास्तर, एक मात्र तुम्ही गाळलंत. अंड्यात टोचलेला तुकडा गुणसूत्रात कुठं जाऊन बसेल याचा नेम नाही. तोच स्टार्टर एका माशात बोंबलतो, दुसऱ्यात गप्प. वायर कुठल्या खांबावरून आली तेही बघावं लागतं.

कृष्णाकाठ, अथणी
आता माझं खरं दुखणं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथं शेततळं कुठलं आणि कृष्णा कुठली, कळत नव्हतं. तळ्यातलं रोहू-कटला गेलं ते गेलंच. चमकते झेब्राफिश ब्राझीलच्या ओढ्यांत सापडलेत, पुराशिवाय! नदीत गेलेल्या माशाचा स्टार्टर बंद करायला कोण उतरणार?

निपाणीचा मास्तर
तो सामन त्रिगुणित (गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच), म्हणून वांझ, सगळ्या माद्या, तोही जमिनीवरच्या टाक्यांतच वाढवायचे. आणि भारतात खाण्यासाठी असल्या एकाही माशाला परवानगी नाही. तुम्ही सांगताय तो दोष तळ्याचा, प्रमोटरचा नव्हे.

कृष्णाकाठ, अथणी
बीज विकणारा असं वेगळं करून देतो काय? पिशवीत पिल्लं येतात, वांझ की नाही ते मी कसं बघू?

हिडकलचा मासेवाला
मला साधं रोहूचं बीज पावसाआधी मिळालं तरी पुरे. चालू द्या तुमचं.

खानापूरची बायोवाली
मास्तर, समजा प्रमोटर रोहूचा, जनुकही रोहूचंच. दूधगंगेकाठच्या तळ्यात सोडाल?

निपाणीचा मास्तर
...पूररेषेच्या वरच्या तळ्यात. काठावर नाही. एवढं कबूल.