जुन्या दगडी भिंतीला पोट आलंय, काय करू?

माझगावात आजोबांचं जुनं घर आहे, वारसा यादीतलं. मागची काळ्या दगडाची रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, यंदाच्या पावसात मधोमध चार बोटं पुढे आलीय. सांध्यात पिंपळ उगवलाय. पाच वर्षांपूर्वी कंत्राटदाराने सांधे सिमेंटने भरले. पण मला भिंत पाडायची नाहीये.

— सिमेंटनेच घात केला. सांध्यातल्या आधीच्या चुन्यातून ओल बाहेर पडायची, आता पाणी मागे कोंडून भिंतीला ढकलतंय. तळाशी पाणी निघायची भोकं आहेत का?

— आहेत, पण बुजलेली. काल सळईने एक मोकळं केलं, तासभर गढूळ पाणी वाहत होतं!

— गढूळ म्हणजे मागची माती वाहतेय. थांबा! आधी टेकू लावा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. पिंपळ उपटू नका, दगड सुटतील. वरून कापा आणि मुळं आहेत तिथेच मारा. सांधे पुन्हा चुन्यातच भरा.